घरच्या यंत्राशी मांडलेला डाव

समोर माणूस बसलेला नसला तरी बुद्धिबळाचा डाव रंगू शकतो, हे आमच्या गावाला १९९३ साली कळले. मी तेव्हा सहावीत होतो. मस्कतला नोकरीला असलेले माझे मामा मे महिन्यात आले, ते एका खोक्यात बुद्धिबळ खेळणारे यंत्र घेऊन आले. हातभर लांबरुंद प्लॅस्टिकचा पट, त्यावर चौसष्ट घरे आणि दोन कडांना बारीक तांबड्या दिव्यांच्या रांगा. आपली सोंगटी आपल्या घरावर किंचित दाबायची, उचलायची आणि नव्या घरावर पुन्हा दाबायची. यंत्र थोडा वेळ गप्प राही, मग ‘टुक’ असा आवाज करी आणि आपल्या चालीची घरे दिव्यांनी दाखवी. त्याची सोंगटी मात्र आपणच हलवायची. मामा म्हणाले, “बिनहाताचा गडी आहे. बाकी सगळे येते त्याला.”

माझे आजोबा माण तालुक्यातले नावाजलेले खेळाडू. नावाजलेले म्हणजे चार गावांत. ते खेळत आपले देशी बुद्धिबळ. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते. आणि राजाला तोवर शह बसलेला नसेल, तर साऱ्या डावात एकदा त्याला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. ओसरीवर दहापंधरा माणसे जमली. आजोबांनी सात-आठ चाली शांतपणे केल्या आणि मग राजा उचलून त्याच्या हक्काची उडी मारली. यंत्र ‘बुर्र’ करून ओरडले. आजोबांनी पुन्हा दाबले. पुन्हा ‘बुर्र’. तिसऱ्यांदा ते यंत्रावर नव्हे, मामांवर रागावले. “अडाणी हाय हे. शिकवा त्याला आधी,” असे म्हणून ते उठले ते दोन दिवस ओसरीवर बसलेच नाहीत.

त्याला शिकवणे कोणाच्याच हाती नव्हते. ते जे शिकून आले होते तेवढेच त्याला येत होते. हे कसे, ते थोडे सांगायला हवे.

घरात ठेवता येतील असे संगणक बुद्धिबळ खेळू लागले ते पश्चिमेकडे, १९७६-७७ च्या सुमारास. पीटर जेनिंग्ज या गृहस्थांनी १९७६ साली केआयएम-१ नावाच्या लहानशा संगणकासाठी ‘मायक्रोचेस’ हा कार्यक्रम लिहिला. तो संगणक म्हणजे उघड्या पाटीवर बसवलेले काही भाग, आकडे दाबायच्या कळा आणि सहा अंक उमटतील एवढी पट्टी. पडदा नाही, पट नाही. लाकडी पट आपणच शेजारी मांडायचा आणि आकड्यांतून एकमेकांना चाली कळवायच्या. त्याची सारी स्मरणशक्ती अकराशे-बाराशे रोमन अक्षरे मावतील एवढी. पुढे १९७८ साली अमेरिकेतल्या डॅन आणि कॅथलीन स्प्रॅक्लेन या नवराबायकोने ‘सार्गॉन’ लिहिला. त्याने त्या वर्षी लहान संगणकांची स्पर्धा जिंकली, आणि तो सबंध कार्यक्रम पुस्तकरूपाने छापून विकला गेला. ज्याला हवा त्याने वाचावा, आपल्या यंत्रात उतरवून घ्यावा. इंग्लंडात तर १९८२-८३ च्या सुमारास डेव्हिड हॉर्न यांनी झेडएक्स-८१ या स्वस्त संगणकासाठी बुद्धिबळ बसवले ते ६७२ अक्षरांच्या जागेत. पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर, आणि त्यात बुद्धिबळ! अर्थात काही गोष्टी सोडून द्याव्या लागल्या. त्याला किल्लेकोट करता येत नसे आणि शेवटच्या घरी पोचलेल्या प्याद्याचा वजीर करता येत नसे. म्हणजे त्याचीही एक देशी रीतच झाली म्हणायची. आजोबांना हे सांगायला मिळाले असते तर बरे झाले असते.

आता या एवढ्याशा जागेत यंत्र विचार कसा करते? विचार हा शब्द मी सवयीने वापरतो; ते मोजते. पांढऱ्याला पहिली चाल वीस तऱ्हांनी करता येते आणि काळ्याला तिचे उत्तरही वीस तऱ्हांनी देता येते. म्हणजे दोघांची एकेक चाल होते न होते तोच ४०० वाटा फुटल्या. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की १,९७,२८१ वाटा. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हिशेब मांडला, की चाळीस चालींचा डाव धरला तर वाटांची संख्या एकावर १२० शून्ये इतकी होते. तेव्हा सगळ्या वाटा कोणतेच यंत्र चालून पाहू शकत नाही. ते काही चाली पुढे जाते, थांबते आणि तिथे उभे राहून सोंगट्या मोजते. प्याद्याला एक गुण, घोडा व उंट यांना तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ, असा साधारण भाव. शिवाय एक गोष्ट ते गृहीत धरते: समोरचा आपल्याला सर्वांत वाईट पडेल तेच करणार.

हे नीट कळावे म्हणून खरसुंडीच्या जनावरांच्या बाजाराला चला. समजा, तिथे दहा दावणी आहेत आणि बाजाराची अट अशी, की दावण तुम्ही निवडायची. पण त्या दावणीतला बैल व्यापारी देणार, आणि तो देणार सर्वांत वाईट. तुम्ही पहिली दावण पुरी पाहिली. त्यातला सर्वांत वाईट बैलही दोन एकर नांगरील असा निघाला. दुसऱ्या दावणीला गेलात, तर पहिलाच बैल लंगडा. आता बाकीचे बैल पाहायचे का? मुळीच नाही. व्यापारी त्या दावणीत लंगडा किंवा त्याहूनही वाईट बैल गळ्यात बांधणार हे ठरले. मग बाकी सगळे शुभ्र खिलार का असेनात! पुढच्या दावणीकडे चालू लागायचे. संगणक हेच करतो. जी चाल आधीच्या चालीपेक्षा तोट्याची असे एका उत्तरावरून सिद्ध झाले, तिची बाकीची उत्तरे तो तपासतच नाही. या एका युक्तीने त्याचे काम अतोनात वाचते, आणि म्हणून एवढेसे यंत्रही चार-पाच चाली पुढचे पाहू शकते. मी इतिहासाचा प्राध्यापक. गणिताच्या मित्राने हे मला तीनदा समजावून सांगितले. कळले ते बैलांचा हिशेब घातल्यावर.

पण सारी मेख त्या थांबण्यात आहे. सायकलच्या दिव्याचा उजेड दहा हात पडतो. अकराव्या हाताला विहीर असली तरी दिव्याच्या लेखी ती नाहीच. जुन्या यंत्राचे तसेच होते. त्याचा वजीर अडकलेला असे. तो चार चालींनी मरणार हे त्याला दिसे. मग ते काय करी? मध्येच एखादे प्यादे फुकट देई, शह देई, उंट टाकी. तेवढ्याने मरण पाचव्या-सहाव्या चालीवर जाई, म्हणजे उजेडाच्या पलीकडे, आणि यंत्राला वाटे की वाचलो. आजचे मरण उद्यावर ढकलायचे आणि त्यापायी उंट घालवायचा. सावकाराचे कर्ज दुसऱ्या सावकाराकडून काढून फेडणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांची आठवण होते.

ही त्याची खोड मला कळायला मात्र वर्ष लागले. त्याआधी मी एक वेगळाच शोध लावला होता. यंत्राला आठ पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवर ते झटपट खेळे आणि त्याच चालीला तेच उत्तर देई. एकदा चुकूनमाकून मी जिंकलो. तो डाव वहीत उतरवला, दुसऱ्या दिवशी तसाच खेळलो आणि तसाच जिंकलो. एकूण तेवीस चाली. मग काय विचारता! पाहुणा आला की पट मांडायचा आणि तेवीस चालींत यंत्राला मात करून दाखवायची. शाळेच्या गुरुजींनीही पाठ थोपटली. आजोबा एव्हाना पुन्हा ओसरीवर बसू लागले होते. त्यांनी हा तमाशा दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा, मी चौथी चाल करणार तोच त्यांनी माझा हात बाजूला केला आणि भलतेच एक प्यादे पुढे सरकवले. “आता खेळ,” म्हणाले. मी सतरा-अठरा चालींत हरलो. पाहुण्यांसमोर रडूच फुटले. रात्री ते एवढेच म्हणाले, “तू खेळत न्हाईस लेका. पाठ म्हणतुयास.”

मला त्यांचा राग आला होता, तो पुष्कळ दिवस राहिला. पण तेव्हापासून वही बंद झाली. मी त्याच्याकडे निरखून पाहू लागलो. ते प्याद्यांचे हावरे होते. दिसले प्यादे की खाई. पटाच्या मध्यभागी प्याद्यांची प्याद्यांशी गाठ पडून कोंडी झाली, की त्याला काही सुचत नसे. हत्ती एक घर पुढे, एक घर मागे, असे चाले. तेवढ्या अवधीत आपण आपली फौज त्याच्या राजासमोर सावकाश जमवायची. ती त्याच्या उजेडात येईतो उशीर झालेला असे. पुढच्या दिवाळीला मी त्याला चौथ्या पायरीवर हरवले, आणि तो डाव मी पाठ केला नाही.

तेव्हा आजोबा स्वतः बाजारातून सहा मोठे सेल घेऊन आले. हे सांगायचे कारण, विजेवर लावायची त्याची तार मस्कतलाच राहून गेली होती. यंत्र सेलवर चाले, आणि जितका अधिक विचार करी तितके सेल खाई. म्हणून घरात नियमच होता की चौथ्या पायरीवर जायचे नाही. यंत्राने फार विचार केलेला आम्हांला परवडत नसे. त्या रात्री आजोबा म्हणाले, “लाव वरच्या पायरीवर. बघू तरी, काय करतंय.” आठव्या पायरीवर लावले. मी चाल केली. यंत्र विचारात पडले. नऊ वाजले, दहा वाजले, दिवा लुकलुकतोच आहे. आम्ही दोघे ओसरीवरच झोपलो. पहाटे उठून पाहतो तो दिवे विझलेले. चाल सुचण्याआधी सेल संपले होते. आजोबा इतके हसले, की आजी आतून बाहेर आली. राजाच्या उडीचा राग त्या दिवशी फिटला असावा.

असो. घरात हे चालले असताना बाहेरच्या जगात मोठ्या घडामोडी होत होत्या. १९९४ च्या ऑगस्टात लंडनच्या जलद स्पर्धेत रिचर्ड लँग यांच्या ‘चेस जीनियस’ने जगज्जेत्या गॅरी कास्पारॉव्हला बाद केले. हा कार्यक्रम चालत होता तो घरच्या टेबलावर ठेवतात तसल्या संगणकावर. डीप ब्लूने १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये कास्पारॉव्हला साडेतीन-अडीच असे हरवले, ते तुम्ही वाचले असेल. पण ते सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणारे खास बांधलेले यंत्र होते. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट २००६ साली बॉन शहरात झाली. व्लादिमीर क्रामनिक तेव्हा जगज्जेता. त्याच्यासमोर ‘डीप फ्रिट्झ’, आणि तेही दुकानात मिळणाऱ्या जातीच्या संगणकावर. दुसऱ्या डावात क्रामनिकला एका चालीत मात होत होती, ती त्याला दिसलीच नाही. एका चालीत! चौथीतले पोरही ती पाहील. सहा डावांचा सामना यंत्राने चार-दोन असा जिंकला. पुढे २००९ साली ब्वेनोस आयरेसच्या एका स्पर्धेत मोबाइलवर चालणाऱ्या ‘पॉकेट फ्रिट्झ’ने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले. ते सेकंदाला वीस हजारांहूनही कमी स्थिती पाही. डीप ब्लूशी ताडून पाहा. दहा हजारांश मोजणी, आणि खेळ मोठमोठ्या खेळाडूंना भारी! बैल कमी पाहायचे, पण नेमके पाहायचे, ही विद्या बारा वर्षांत एवढी वाढली होती.

आज सर्वांत प्रबळ कार्यक्रमांपैकी एक आहे ‘स्टॉकफिश’. स्टॉकफिश म्हणजे वाळवलेला मासा. त्याचा एक जनक नॉर्वेचा, दुसरा इटलीचा. म्हणून गमतीने म्हणाले, की मासा नॉर्वेत वाळवला आणि इटलीत शिजवला. तो फुकट आहे, त्याची मांडणी कोणालाही वाचता येते, आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलवर तो चालतो. २०२० पासून त्यात आणखी एक फरक झाला. प्याद्याला एक आणि हत्तीला पाच, अशा माणसांनी सांगितलेल्या भावांऐवजी असंख्य स्थितींवरून बसवलेला स्वतःचा अंदाज तो वापरू लागला. याला हरवण्याची गोष्ट आता जगज्जेताही बोलत नाही.

मग तुम्ही म्हणाल, आमचा मुलगा मोबाइलला रोज हरवतो तो कसा? तिसऱ्या पायरीवर तो जिंकतो ना? इथे मला थांबून सांगितले पाहिजे. आमच्या मस्कतच्या यंत्राची खालची पायरी म्हणजे त्याचा तोकडा उजेड. ते खरोखरच पुढचे पाहत नसे. आजच्या यंत्राची खालची पायरी वेगळी असते. तिथेही उजेड थोडा कमी करतात. पण त्याशिवाय ते चांगल्या तीन-चार चाली शोधून काढते आणि मुद्दाम त्यांतली हलकी चाल उचलते, कधी फार हलकी. अकरा चाली एखाद्या उस्तादासारख्या आणि बारावीला वजीर ताटात वाढून ठेवलेला, असा विचित्र खेळ होतो. माणूस असा चुकत नाही. माणूस थकतो, घाबरतो, एका घोड्यावर डोळा ठेवता ठेवता दुसरा विसरतो. लाखो माणसांच्या डावांवरून माणसासारखे चुकायला शिकवलेला ‘माइआ’ नावाचा कार्यक्रमही २०२० साली आला. तो मला अधिक आवडतो. बाकी लहान मुलाबरोबर खेळताना मुद्दाम हरणारे काका सर्वांनाच असतात. मुलाला ते कळते. मोबाइलच्या बाबतीत मात्र कळत नाही, कारण मोबाइलच्या चेहऱ्यावर हसू नसते.

आता जे सांगणार आहे ते मुख्यतः शिक्षकबंधुभगिनींसाठी. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्याकडच्या शाळांत पट निघाले आहेत. तुमच्याकडेही निघाले असतील. करोनाच्या काळात, २०२१ साली, महाविद्यालये बंद असताना आम्ही आसपासच्या मुलांची मोबाइलवर स्पर्धा घेतली होती. पंच मी. दुसऱ्या वर्षाचा, वाडीवरून येणारा एक मुलगा सगळे डाव जिंकला. मला आनंद वाटला. रात्री डाव पुन्हा पाहिले, तेव्हा एक गोष्ट खटकली. तिसऱ्या डावापासून त्याची प्रत्येक चाल आठ-नऊ सेकंदांत झालेली. अवघड चालीला आठ सेकंद, आणि समोर वजीर फुकट पडलेला असताना तो घ्यायलाही आठ सेकंद. असे कोणी खेळत नाही. मी त्याला फोन केला. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “सर, पहिले दोन डाव माझे होते.”

वाडीवर रेंज नसते. तो टेकाडावरच्या बाभळीखाली जाऊन खेळत होता. दुसऱ्या डावात रेंज गेली, घड्याळ चालूच राहिले, आणि परत आली तेव्हा शेवटची अडीच मिनिटे उरली होती. तो कसाबसा जिंकला. तिसऱ्या डावाला त्याने धाकट्या भावाचा मोबाइल शेजारी ठेवला आणि त्याला विचारून खेळू लागला. “वेळ वाचवायला, सर,” म्हणाला. मी त्याचे नाव स्पर्धेतून काढले. तसे करणे भागच होते. बाकीच्या मुलांनी काय पाप केले होते? पण ज्यांच्या घरी रेंज होती आणि ज्यांच्या घरी नव्हती, त्यांना एकाच घड्याळावर बसवणारा पंच मीच होतो. ती गोष्ट मला त्या मुलाच्या खोटेपणाइतकीच अजून टोचते.

त्याचे पहिले दोन डाव मी ठेवले आहेत. दुसऱ्यात, वेळ संपत आलेली असताना, त्याने घोडा देऊन प्यादे पुढे काढले. मी ते यंत्राला दाखवले. यंत्राने चूक म्हणून सांगितले. असेलही. पण समोरच्या मुलाला ती चूक सापडली नाही, आणि मलाही सापडली नसती.

महाविद्यालय उघडल्यावर मी त्याला घरी बोलावले. तो येईल असे वाटले नव्हते, पण आला. आता तो सातारला शिकतो, तरी सुट्टीत येतो. आमची पद्धत ठरलेली आहे. पट लाकडी. चाली दोघांनी हाताने लिहायच्या. मोबाइल देवळीत ठेवायचा. डाव संपला की आपापल्या वहीत, आपण कुठे चुकलो असे वाटते तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि मगच मोबाइल काढून त्याला विचारायचे. मुलांच्या हातात मोबाइल आहेच, तो हिसकावून काही होत नाही. तो खूण करण्याआधी काढायचा नाही, एवढे शाळेत सांभाळता येईल. माझ्या वर्गात आठपैकी पाच मुले ते सांभाळतात. तिघे चोरून बघतात, आणि त्यांच्या खुणा फार बरोबर येतात, म्हणून सापडतात.

मस्कतचे यंत्र अजून माझ्याकडे आहे. त्याच्या एका रांगेचे दोन दिवे गेले, त्यामुळे त्याची चाल कधी कधी ओळखावी लागते. गेल्या दिवाळीत त्या मुलाने त्यात सेल घातले, चालू केले, आणि आजोबांची गोष्ट त्याने माझ्याकडून ऐकली असल्यामुळे पहिल्याच डावात राजाला घोड्याची उडी मारून पाहिली. ते ‘बुर्र’ करून ओरडले. त्यानंतर आम्ही आमचा डाव मांडला. तो मी हरलो. वहीत मी विसाव्या चालीवर खूण केली होती, त्याने सतराव्या. मोबाइल म्हणाला, नवव्या चालीला दोघेही चुकलात.